टिकलीची रिकामी पाठ

मार्गशीर्ष लागला की पिंगळीच्या बाजूनं टांग्याचे घोडे यायचे. टांगे मागे राहायचे, कुणाच्या तरी अंगणात दांड्या जमिनीला टेकवून, आणि घोडे तेवढे मोकळे, म्होरकीला धरून चालत आणलेले. त्यांच्या गळ्यातले घुंगरू काढायची पद्धत नव्हती, म्हणून घोडे दिसायच्या आधी ऐकू यायचे. माय माळवदावर बाजरी पसरत असायची. ती हात थांबवायची, पदर कानामागं सारायची आणि म्हणायची, "आले बघ." मग पेठेतली माणसं दुकानं सोडून रस्त्यावर यायची, आणि एरवी परभणीच्या स्टेशनाबाहेर चाबूक खात उभे राहणारे ते हडकुळे घोडे वेशीतून आत येताना बायका त्यांच्यावर भंडारा उधळायच्या. वर्षभर सवाऱ्या ओढणारं जनावर काही दिवस खंडोबाचं वाहन व्हायचं. परभणीत आता टांगा उरलेला नाही. पण गावातल्या रस्त्यावरून एखादा कुल्फीवाला घंटी वाजवत गेला की मी अजून खिडकीकडे बघतो, आणि बायको विचारते, काय झालं. काही नाही, म्हणतो.

आमचं गाव पिंगळी आणि ताडकळसच्या मधलं. लहान गाव, पण त्याच्या तीन गल्ल्या एकमेकींना वर्षभर पाण्यात बघायच्या. वरली गल्ली आमची, शेतकऱ्यांची. पेठ दुकानदारांची. मळ्याची गल्ली ओढ्याच्या अंगाला. आणि वेशीबाहेर भीमनगर. शर्यतीच्या गल्ल्या मोजताना मात्र आम्ही तीनच मोजायचो. चंपाषष्ठीला माळावरच्या खंडोबापासून घोडे सुटायचे, गावाला बाहेरून वळसा घालायचे आणि वेशीत यायचे. कुठल्या गल्लीला कोणता घोडा, हे गुरवाच्या तांब्यातली चिठ्ठी ठरवायची, त्यामुळं पैसेवाल्या पेठेलाही कधी लंगडं तट्टू यायचं आणि मग त्यांची तोंडं बघायला आम्ही मुद्दाम पेठेत सुपारी आणायला जायचो. वेशीत आधी पोहोचेल तो घोडा जिंकला. त्याच्यावर स्वार आहे की वाटेत पडला, हे कुणी विचारायचं नाही; देव घोडा मोजतो, माणूस मोजत नाही, असं गुरव सांगायचा. आणखी एक रीत होती. स्वार गल्लीतला नको. गल्लीचा पोरगा घोड्यावर बसून हरला तर भावकीत वर्षभर भांडणं चालतात, म्हणून जुन्या माणसांनी ठरवलेलं. तिन्ही घोड्यांवर भीमनगरची पोरं बसायची. याला आम्ही त्यांचा मान म्हणायचो. हा शब्द मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकला होता की तो एकदा उलटून बघावा, असं मला कधी सुचलं नाही.

वरल्या गल्लीचा घोडा आमच्या घरी राहायचा, कारण आमच्या घराचं दार घोडा आत जाण्याइतकं रुंद होतं. रुंद होतं, पण बुटकं. षष्ठीच्या दिवशी शर्यत झाली की घोडा वाजतगाजत घरात न्यायचा, दाराच्या आतली ढेळज ओलांडून, अंगणातून, पार माजघरातल्या देवघरापर्यंत. चौकटीशी आला की तो अडायचा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, त्याच्या मानेवर हात ठेवून हळू काहीतरी बोलायचे, आणि तो मान खाली घालून आत यायचा, एखादा लाजाळू पाहुणा यावा तसा. माय त्याला ओवाळायची. चुलीच्या आरात भाजलेला बाजरीचा रोडगा, त्यावर वांग्याचं भरीत, कांद्याची पात. चातुर्मासात वांगं-कांदा वर्ज्य असायचा, त्यामुळं त्या दिवशी चुलीत वांगी भाजायला लागली की त्या खरपूस वासानं घरातल्या माणसांचे स्वभाव बदलायचे. अण्णाही कुणावर खेकसायचे नाहीत. पहिला घास देवाला, दुसरा घोड्याला, मग पंगत. घोड्याचे खूर शेणानं सारवलेल्या जमिनीत रुतायचे आणि त्यांचे चंद्रकोरीसारखे ठसे माय पुढं कितीतरी दिवस सारवताना बोटानं वळसा घालून राखायची. स्वाराचं ताट ओट्यावर असायचं. जर्मनची एक थाळी आणि पेला त्यासाठी वेगळे होते, ओट्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात. जेवण झालं की स्वार ते धुऊन परत तिथंच ठेवायचा.

हे मी लिहितो आहे आणि मला तो दिवस परत हवासा वाटतो आहे. वांग्याचा वास, ठसे, अण्णांचा मऊ आवाज, सगळं. आणि त्या सगळ्यात तो कोनाडाही आहे. तो बाजूला काढून उरलेलं तेवढं आठवावं, असा प्रयत्न मी बरीच वर्षं केला. जमत नाही.

टिकली आमच्या वाट्याला आली त्या साली मी परभणीला कॉलेजात जायला लागलो होतो. काळसर तांबडी घोडी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. तिचे मालक लतीफचाचा, पिंगळीच्या स्टेशनावर टांगा हाकणारे. तिला आमच्या अंगणात बांधून जायला ते तयार होईनात. "इसको मीठा जादा नक्को देव बाबा," ते मला बजावून सांगत होते, "बाद में टांगे को जुपती नै ये." मी हो म्हणालो आणि त्यांची पाठ वळताच तिला गूळ दिला. पहाटे आमच्या घरात तिचा आवाज पहिला उठायचा. भिजवलेले हरभरे दाढेखाली फुटल्याचा तो आवाज, मधेच नाकपुड्यांतून सोडलेला श्वास, एक घुंगरू. मी गोधडीत पडून ऐकायचो. असं वाटायचं की घरात कुणीतरी भारी माणूस राहायला आलं आहे आणि त्याचं आपल्याशी पटतं आहे.

तिच्यावर बसणार होता गौतम. भीमनगरचा, माझ्याच वर्गातला, पाचवीपासून एका बाकावर आणि आता एकाच कॉलेजात. त्याचे वडीलही पूर्वी वरल्या गल्लीचा घोडा पळवायचे. गौतम उघड्या पाठीवर बसायचा, नुसती घोंगडीची घडी टाकून, आणि पायांनी काही करतोय असं दिसायचंच नाही. मला घोड्यावर बसता यायचं नाही, पण माझं काम वेगळं होतं. टांग्याच्या घोड्याला शर्यत माहीत नसते. कुठं पोहोचायचं आणि तिथं काय मिळणार, एवढं त्याला शिकवावं लागतं. म्हणून रोज सकाळी मी वेशीत गूळ लावलेला गरम रोडगा हातात धरून उभा राहायचो आणि माळावरून गौतम तिला आणायचा. मी लांबून हाक मारायचो, "आऽऽ टिकली, आऽऽ." पहिल्या दिवशी ती रमतगमत आली. नंतर हाक ऐकली की तिचे कान पुढं व्हायचे. गौतम हसत म्हणायचा, "माझं कामच न्हाई हितं. तुझ्या रोडग्यानंच पळायली ही."

त्या साली विद्यापीठाचं नामांतर होणार आणि नामांतर होणार नाही, अशा दोन बाजूंत सगळा मराठवाडा वाटला गेला होता. कधी कॉलेज बंद, कधी एसटी बंद. वेशीच्या भिंतीवर कुणी चुन्यानं काही लिहायचं, दुसरं कुणी त्यावर शेण फासायचं. रेडिओवर बातम्या लागल्या की अण्णा आवाज बारीक करायचे, जणू बातमी वेशीबाहेर ऐकू गेली तर खरी होईल. गौतम आणि मी या विषयावर बोलत नव्हतो. बोलत नव्हतो म्हणजे मी बोलत नव्हतो. तो बोलायला लागला की मी वहीचं, परीक्षेचं, घोडीचं काहीतरी काढायचो आणि तो माझ्याकडं बघून गप्प व्हायचा.

षष्ठी जवळ आलेली. ओढ्यात आम्ही टिकलीला धूत होतो. गौतम तिच्या मांडीवर खरारा ओढत होता, मी बादलीनं पाणी टाकत होतो.

"दत्ता, एक सांग," तो म्हणाला. "हिला आंघोळ कोण घालायलंय?"

"तू."

"खरारा कोण करायलंय?"

"तूच की."

"लीद?"

"लीद मी काढतो."

"बरं, लीद तुझी. बाकी समदं माझं. मंग ही माजघरात जाती अन् मी ओट्यावर बसतो. आमच्या दोघांत जास्त धुतलेलं कोण हाय?"

मी हसलो. तोही हसला. टिकलीनं अंग झाडलं आणि आम्ही दोघं भिजलो. मग त्यानं खरारा खाली ठेवला.

"हसण्यावारी नेऊ नको. ह्या साली मी हिच्यासंगं दारातून आत येणार. तू म्होरकी धरून नेतूस ना, तवा मी बाजूनं चालंन. अन् पंगतीला बसंन. अण्णांच्या शेजारी न्हाई तर न्हाई, लय कडंला बसवा. पण आत."

"अन् न्हाई म्हणले तर?"

"इचार तर आधी."

"इचारतो," मी म्हणालो. "मी बोलतो अण्णांशी." आणि मला स्वतःचा अभिमान वाटला, कारण असं काही बोलायचं धाडस गल्लीत दुसऱ्या कुणाला झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा टिकलीची आयाळ बोटांनी सोडवत होते. माय चुलीपुढं होती. मी खांबाला टेकून म्हणालो, "अण्णा, गौतम म्हणायलाय की षष्ठीला त्याला घरात पंगतीला घ्यावं."

अण्णांनी हात थांबवला नाही. "कोण म्हणायलंय? त्यो का तू?"

"त्यो," मी म्हणालो.

इतका लहान प्रश्न होता आणि इतकं लहान उत्तर. ते खरंही होतं. पण अण्णा वर बघून माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होते, आणि आज वाटतं की मी दुसरं उत्तर दिलं असतं तर कदाचित ते रागावले असते, कदाचित मान हलवली असती. काय झालं असतं ते मला माहीत नाही. माहीत नसण्याची सोय मी स्वतःच करून घेतली.

"माझं काय जातंय?" अण्णा म्हणाले. "पोरगं गुणाचं हाय. त्याच्या बापानं ह्या गल्लीसाठी पाय मोडून घेतलाय. पण भावकी हाय, गल्ली हाय. आधीच वारं कसं सुटलंय बघायलास ना? ह्या साली नको. पुढच्या साली बघू."

"ओट्यावर बसलं की येणारं जाणारं त्याच्या ताटात बघतंय," माय चुलीकडं तोंड ठेवूनच म्हणाली. "मी ढेळजंत वाढते त्याला."

अण्णा थोडा वेळ आयाळच विंचरत राहिले. "ढेळजंत वाढा," म्हणाले.

मी पळत भीमनगरला गेलो. ढेळज म्हणजे दाराच्या आत. ओट्याच्या वर, अंगणाच्या अलीकडं. आमच्या घराण्यात हे कधी झालं नव्हतं. मला वाटलं, मी केवढं तरी मिळवून आणलं आहे. गौतम दारात बसून दाढी करत होता. मी धापा टाकत सांगितलं. त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला, आरशात बघितलं.

"ढेळजंत," तो म्हणाला. "म्हंजे जिथं तुमी घोडीचं घोंगडं ठिवता तिथं."

"दाराच्या आत हाय ना पण."

"दत्ता, मला भूक लागली म्हणून सांगत व्हतो का रे मी?"

त्याची आई आतून म्हणाली, "च्या घेतूस का, बाळा?" आणि मी घेतला, त्यांच्या घरात, त्यांच्या कपानं, आत बसून. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. गौतम गालाला तुरटी लावत माझ्याकडं बघत होता. "पळवतो मी घोडी," तो शेवटी म्हणाला. "तू वेशीत थांब. रोडगा घेऊन."

षष्ठीला ऊन स्वच्छ पडलं होतं आणि वाऱ्याला धार होती. सारं गाव वेशीपाशी. माळावरून हलगीचा आवाज येत होता, मग तो थांबला, आणि तिथून एक पिवळा ढग उठला. घोडे सुटताना गुरव भंडारा उधळायचा, त्यामुळं सुरुवात आम्हाला ऐकू यायच्या आधी दिसायची. तिन्ही घोडे माळ उतरले. मळ्याच्या गल्लीचं पांढरं तट्टू पुढं होतं, पेठेचा काळा त्याच्या शेपटीला, आणि टिकली मागं. पेठेच्या एका दुकानदारानं मला कोपरखळी मारली, "दत्तोबा, तुमची टिकली पुसली जणू." मी रोडगा घट्ट धरला. मला माहीत होतं की गौतम पहिल्यांदा तिला धरून ठेवतो. उतार संपताच त्यानं सोडली आणि ती काळ्याच्या बरोबरीला आली, तशी आमची गल्ली घशाच्या शिरा ताणून ओरडायला लागली. मग वाट भीमनगरच्या मागून वळते. तिथं लिंबाची झाडं आणि घरं आड येतात, थोडा वेळ घोडे दिसत नाहीत. दरवर्षी त्या वेळात गाव गप्प व्हायचं. त्या वर्षी तो वेळ लांबला.

"पडलं का काय कुणी?" माझ्या मागं एकजण म्हणाला.

मग घुंगरू आले. पेठेचा काळा बाहेर आला, त्याच्यावर कुणी नव्हतं. त्याच्यामागं पांढरं तट्टू, त्याच्यावर कुणी नव्हतं. आणि टिकली, पाठीवर घोंगडीची घडी नीट तशीच, लगाम मानेवर गाठ मारून टाकलेला. तिन्ही घोडे रमत दुडक्या चालीनं येत होते, स्टेशनावरून घरी निघाल्यासारखे.  एवढी माणसं उभी असून घुंगरांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी काय केलं ते मला लख्ख आठवतं. मी रोडगा उंच धरला आणि हाक मारली, "आऽऽ टिकली, आऽऽ."

तिचे कान पुढं झाले. ती पळाली. खांदे वरखाली, मान लांब, कपाळावरचा ठिपका सरळ माझ्यावर रोखलेला. पांढऱ्याला मागं टाकून, काळ्याला मागं टाकून ती वेशीत शिरली आणि तिनं तोंड माझ्या तळहातावर आणून ठेवलं. तिचा गरम श्वास, ओठांचं ते मऊ खरखरीत, रोडग्याचा चुरा, माझ्या छातीला टेकलेलं तिचं कपाळ. मी आयुष्यात त्याहून आनंदी क्वचितच झालो असेन. तिची पाठ रिकामी आहे हे मला दिसत होतं, आणि मी आनंदी होतो. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

"सवार कुठं हाईत?" पेठेतून कुणी विचारलं.

अण्णा पुढं आले. त्यांनी टिकलीच्या पाठीवर हात ठेवला, घोंगडी चाचपली, आणि भीमनगरच्या दिशेनं बघितलं. "घोडं आलं न्हवं?" ते म्हणाले. "रीत हाय आपली." कुणीतरी येळकोट म्हणालं, हलगी वाजायला लागली, आणि मग सगळेच नाचले. मीही नाचलो. लतीफचाचा वेशीच्या दगडाला टेकून उभे होते. "मेरी घोडी को आज पयली बार खाली देखा मैं," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "ना टांगा, ना आदमी."

लिंबाच्या झाडांमागं काय झालं, ते भीमनगरच्या बायकांनी बघितलं होतं. तिघांनी घोडे आवरले, आपापल्या घरांसमोर उतरले, लगाम मानेवर बांधले, घोड्यांच्या पाठी थोपटल्या आणि त्यांना वाटेला लावलं. कुणी घोषणा दिली नाही. गौतम आत गेला आणि आईला म्हणाला, जेवायला वाढ.

आमच्याकडं टिकलीला दारातून नेलं. चौकटीशी ती अडली, मान खाली घालून आत आली. म्होरकी माझ्या हातात होती आणि माझ्या डाव्या बाजूला जिथं गौतम चालणार होता तिथं एक माणूस मावेल एवढी जागा मी सोडली होती. पायांनी आपोआप सोडली. पंगत बसली. ढेळजेत मायनं ताट वाढून ठेवलं होतं, कोनाड्यातली थाळी नव्हे, घरातलं पितळी ताट, वर परात झाकलेली. पंगती उठल्या तरी ते तसंच. अण्णा म्हणाले, "घोडीला घाला ते."

"न्हाई," माय म्हणाली. "तिचं न्हाई ते."

मग ती ढेळजेत जाऊन बसली, घोडीच्या घोंगडीशेजारी, परात बाजूला केली आणि ते थंड झालेलं ताट एकटीनं जेवली. अण्णा खांबापाशी उभे राहून बघत होते.  जेवण झाल्यावर तिनं ताट धुतलं आणि घरातल्या ताटांत लावलं. कोनाड्यातली थाळी पुढं मला कधी दिसली नाही.

पुढच्या वर्षी भीमनगरमधून कुणी आलं नाही. गल्लीगल्लीनं आपली पोरं बसवली. दोन पडली, भावकीत मारामाऱ्या झाल्या, जुनी माणसं म्हणायची तसंच सगळं झालं. मग रिक्षा आल्या, टांगे मोडीत निघाले, लतीफचाचांनी टिकली विकली. कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विद्यापीठाच्या दारावर नवं नाव लागलं. गावात आजही म्हणतात की नामांतरात आपली शर्यत बुडाली. मीसुद्धा लोकांना असंच सांगत आलो. बोलायला सोपं पडायचं. शर्यत कुणीतरी बाहेरून येऊन नेली, असं त्यातून वाटायचं.

गौतम विद्यापीठात शिकला, प्राध्यापक झाला, परभणीत घर बांधलं. मी शेतीबरोबर गावच्या शाळेत शिक्षक झालो. वर्षानुवर्षं आम्ही लग्नाकार्यात लांबून हात केले. मग एकदा दवाखान्यात भेटलो, दोघंही गुडघे दाखवायला आलेलो, आणि तो मला ओढून घरी जेवायला घेऊन गेला. मी त्याच्या टेबलावर बसून जेवलो. नंतर बऱ्याचदा जेवलो. एकदा मी म्हणालो, मला त्या शर्यतीची लय आठवण येते, आणि येते म्हणून लाज वाटते.

"मला बी येती," तो म्हणाला. "हिवाळ्यात घोडीची पाठ कशी गरम असती, तुला न्हाई माहीत. तू कधी बसलाच न्हाईस." मग म्हणाला, "तिन्ही घोड्यांवर आमीच व्हतो दत्ता. पण शर्यतीत आमची गल्ली कुठं व्हती?"

माझ्या घरी तो अजून आलेला नाही. माय गेली तेव्हा आला होता, अंगणाबाहेर मंडपात बसून गेला. मी बोलावतो, तो "येऊ की" म्हणतो. जुनं माळवद उतरवून मी सिमेंटचं घर बांधलं तेव्हा दार उंच करून घेतलं आणि त्याला फोनवर सांगितलंही. तो हसला. "कशाला? घोडे कुठं हाईत आता?"

परवा पुन्हा फोन केला. षष्ठीला ये म्हणालो. घरची बाजरी आहे, रोडगे करतोय, वांगी मळ्यातली, चुलीत भाजू, आणि असं बोलत असताना माझा आवाज माझ्याच कानावर पडला. वेशीत उभा राहून मी जो आवाज काढायचो तो होता. हातात गूळ लावलेलं काहीतरी धरून लांबून हाक मारणारा. घोडी त्या हाकेला आली होती. मी मधेच थांबलो.

"काय झालं?" गौतम म्हणाला.

"रोडग्याचं राहू दे," मी म्हणालो. "मला वाटतंय म्हणून ये. त्या वेळी अण्णांनी इचारलं व्हतं, कोण म्हणायलंय, त्यो का तू. मी म्हणलो, त्यो. आज मी म्हणायलोय."

 त्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"हे तू मला कधी सांगितलं न्हवतंस," तो म्हणाला.

"न्हाई."

"बघू," तो म्हणाला.

आजवर तो येऊ की म्हणत आला होता, आणि येऊ की म्हणजे येणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. बघू हा अण्णांचा शब्द. तो ऐकून कसं वाटतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.  षष्ठीला अजून अवकाश आहे.